लॅपटॉपची स्क्रीन संगणकाला उसनी का मिळत नाही?

गिरगावातल्या चाळीतली डबल रूम असो, लालबागमधलं एका खोलीचं घर असो किंवा परळच्या ना. म. जोशी मार्गावरच्या जुन्या बीडीडी चाळीतली १६० चौरस फुटांची खोली असो, अनेक घरांत टेबलावर एक कोडं पडून असतं. खिडकीपाशी डेस्कटॉप संगणक असतो. त्याच्या शेजारी लॅपटॉप असतो: कधी ऑफिसने दिलेला, कधी २०२० च्या टाळेबंदीत मुलांच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेला आणि आता बराच वेळ मिटून ठेवलेला. डेस्कटॉपवर काम करणाऱ्याला एक स्क्रीन अपुरी पडते. लॅपटॉपची चांगली स्क्रीन तर हाताशीच आहे. डेस्कटॉपच्या मागे एचडीएमआय पोर्ट आहे, लॅपटॉपच्या कडेलाही हुबेहूब तसाच पोर्ट आहे, आणि केबल दोन्हीकडे नीट बसते. तरीही ती जोडल्यावर लॅपटॉपवर काहीच उमटत नाही. केबल बदलली, संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तरी नाही. पोर्ट सारखा, केबल सारखी, स्क्रीन शाबूत. मग अडतं कुठे?

अडतं ते आपल्या समजुतीत. लॅपटॉपकडे आपण ‘कीबोर्ड जोडलेली स्क्रीन’ म्हणून पाहतो. मॉनिटर हे ताट आहे, जे वाढाल ते घेतं. लॅपटॉप मात्र अख्खं स्वयंपाकघर आहे आणि त्यातलं एकुलतं एक ताट त्याच्याच ओट्याला पक्कं बसवलेलं आहे. बाहेरच्याला त्यात थेट वाढता येत नाही. तिथे काही पोहोचवायचं, तर त्या स्वयंपाकघराच्या मालकाला विचारूनच पोहोचवावं लागतं. एवढं ध्यानात आलं की कोणता उपाय चालेल, कोणता नाही आणि कोणता कशासाठी चांगला, हे ठरवता येतं.

दुसरी स्क्रीन हवी तरी कशाला?

दुसरी स्क्रीन म्हणजे चैन, असं वाटणं साहजिक आहे. एका स्क्रीनवरही दोन खिडक्या उघडता येतात, मग कशाला हवी? याचं उत्तर गिरगावाच्याच छापखान्यांकडे आहे. जावजी दादाजींनी १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना सुरू केला आणि पुढे गिरगाव-काळबादेवी परिसर मराठी छपाईचं मोठं केंद्र झाला. खटाववाडीतल्या मौज प्रकाशनासारख्या संस्थांनी तर मुद्रितशोधनाची शिस्तच घालून दिली. खिळे जुळवायच्या त्या काळात मुद्रितशोधकापुढे नेहमी दोन कागद असत, एका बाजूला मूळ हस्तलिखित आणि दुसऱ्या बाजूला प्रूफ. पुष्कळदा तर एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची, अशी जोडी बसे. हस्तलिखित वाचून ते बाजूला ठेवायचं आणि मग आठवणीने प्रूफ तपासायचं, असं कोणी करत नसे. कारण उघड आहे. वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ, अनुस्वार आहे की नाही, हे आठवणीत राहत नाही. ते शेजारी ठेवूनच पाहावं लागतं.

आजचा डीटीपी करणारा, भाषांतर करणारा किंवा जीएसटीची बिलं तपासणारा याच पेचात असतो. एका स्क्रीनवर दोन खिडक्या शेजारी मांडल्या तर दोन्ही अर्ध्या होतात आणि अक्षरं बारीक होतात. एकीवरून दुसरीवर उड्या मारल्या तर दर उडीत मधला मजकूर किंवा आकडा डोक्यात धरून ठेवावा लागतो, आणि चूक नेमकी तिथेच शिरते. म्हणजे दुसरी स्क्रीन लागते ती मुख्यतः पाहण्यासाठी. तिच्यावर फारसं काही हलत नाही, फक्त मजकूर नजरेसमोर राहतो. पुढचा सगळा विचार या एका गोष्टीवर उभा आहे.

नळाला नळ जोडला तर

चाळीतल्या नळाचं उदाहरण घेऊ. नळातून पाणी बाहेर येतं. दोन घरांचे नळ एका रबरी नळीने जोडले, तर एका घराचं पाणी दुसऱ्या घराच्या पिंपात पडेल का? नाही. दोन्ही तोंडं पाणी सोडण्यासाठी बनवलेली आहेत, घेण्यासाठी नव्हेत. लॅपटॉपचा एचडीएमआय पोर्ट हा असा नळ आहे. त्यातून चित्र बाहेर जातं, टीव्हीवर किंवा प्रोजेक्टरवर. मॉनिटरचा पोर्ट हे पिंपाचं तोंड. पोर्टचा आकार एकच असल्याने आपली फसगत होते. लॅपटॉपवरचा जुना निळा व्हीजीए पोर्ट असो किंवा आजचा टाइप-सी, चित्राच्या बाबतीत दोन्हींचा प्रवाह बाहेरच्याच दिशेने असतो.

केबल जोडल्यावर नेमकं काय घडतं तेही पाहण्यासारखं आहे. मॉनिटर जोडला की तो आधी स्वतःची ओळख सांगतो: मी अमुक कंपनीचा, माझ्यावर आडवे इतके आणि उभे इतके ठिपके, सेकंदाला इतक्या वेळा चित्र बदलू शकतो. ही ओळख वाचल्यावरच संगणक त्या मापाचं चित्र पाठवायला लागतो. संगणकाला लॅपटॉप जोडला, तर दोघंही यजमान ठरतात. दोघंही समोरच्याच्या ओळखीची वाट पाहत राहतात आणि ओळख कोणीच सांगत नाही. लॅपटॉपच्या आत त्याची स्क्रीन एका पातळ केबलने थेट त्याच्याच ग्राफिक्सच्या चिपला जोडलेली असते. बाहेरून आलेलं चित्र त्या वाटेवर वळवून घेणारा सांधा तिथे बसवलेलाच नसतो. रेल्वेच्या भाषेत सांगायचं तर रूळ आहेत, फलाट आहे, पण गाडी त्या रुळावर आणणारा सांधाच नाही.

असा सांधा बसवता येत नाही, असं मात्र नाही. २००९ ते २०१४ या काळातल्या काही आयमॅक संगणकांत तो होता. ठरावीक केबल जोडून त्यांची स्क्रीन दुसऱ्या संगणकासाठी वापरता येई. गेमिंगसाठी बनवलेल्या एलियनवेअरच्या काही लॅपटॉपमध्येही चित्र आत घेणारा एचडीएमआय पोर्ट होता. पण ही हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उदाहरणं आहेत. आपल्या घरातल्या साध्या लॅपटॉपमध्ये हा सांधा नसतो, आणि तो कुठल्याही सॉफ्टवेअरने तयार होत नाही. ‘एचडीएमआय ते एचडीएमआय केबल घ्या, काम होईल’ असं कोणी सांगितलं तर पैसे वाचवा.

तीनशे कोटींचं ओझं

पोर्टची वाट बंद असली, तरी दोन संगणकांना एकमेकांशी बोलायची दुसरी वाट असते, ती नेटवर्कची. वायफाय किंवा लॅन केबल. या वाटेने चित्र पाठवता येतं, पण इथे ओझ्याचा प्रश्न येतो.

फुल एचडी स्क्रीनवर आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. प्रत्येक ठिपक्याचा रंग सांगायला २४ बिट लागतात. बिट म्हणजे शून्य किंवा एक, एवढीच माहिती. एका चित्राला सुमारे ५ कोटी बिट झाले. स्क्रीनवर सेकंदाला ६० चित्रं येतात, म्हणजे दर सेकंदाला जवळपास ३०० कोटी बिट. एचडीएमआय केबलला हे ओझं सहज पेलतं. २००२ च्या अखेरीस आलेल्या तिच्या पहिल्या आवृत्तीपासून ते पेलत आलं आहे. पण घरातली चांगली गिगाबिट लॅन केबल सेकंदाला १०० कोटी बिटच नेते, आणि गर्दीच्या वस्तीतल्या वायफायवर प्रत्यक्षात याच्याही कितीतरी कमी जातात. आहे तसं चित्र या वाटेने जाणं शक्यच नाही.

म्हणून त्याची घडी घालावी लागते. या पद्धतीत डेस्कटॉपवरचं सॉफ्टवेअर तीन कामं करतं. आधी ते विंडोजला सांगतं की दुसरा मॉनिटर जोडलेला आहे. तो खरा नसतो, पण त्याच्या नावाने ओळख सांगितली जाते आणि विंडोज त्याच्यासाठी वेगळं चित्र तयार करू लागतं. मग त्या चित्राची व्हिडिओसारखी घडी घातली जाते: एक पूर्ण चित्र पाठवायचं आणि त्यानंतर फक्त जे बदललं तेवढंच पाठवायचं. शेवटी ही घडी नेटवर्कवरून लॅपटॉपकडे जाते. लॅपटॉप ती उलगडतो आणि स्वतःच्या स्क्रीनवर दाखवतो. स्वयंपाकघराच्या मालकाने डबा घेतला, उघडला आणि आपल्या ताटात वाढला. या घडीमुळे ३०० कोटींचं ओझं दीड-दोन कोटींवर आणता येतं, म्हणजे दीडशे ते दोनशे पट हलकं.

पण घडी घालायला आणि उलगडायला वेळ लागतो. केबलने जोडलेल्या मॉनिटरवर नवं चित्र सेकंदाच्या साठाव्या भागात येतं. इथे सेकंदाच्या दहाव्या भागाइतका किंवा त्याहून जास्त उशीर होऊ शकतो. उघडून ठेवलेलं पान वाचताना हा उशीर कळतही नाही, कारण तिथे काही बदलतच नसतं. पान भराभर सरकवलं किंवा व्हिडिओ लावला की सगळेच ठिपके बदलतात, घडी मोठी होते आणि चित्र अडखळतं.

घडीचा दुसरा परिणाम मराठी वाचकाने खास लक्षात घ्यावा. व्हिडिओची घडी घालताना बारीक तपशील, त्यातही रंगांचे, थोडे पुसले जातात. सिनेमात ते कळत नाही. देवनागरीत मात्र एका ठिपक्याने अर्थ बदलतो. बारीक टायपातला अनुस्वार, रफार किंवा नुक्ता धूसर झाला, तर मुद्रितशोधनाचा हेतूच हुकतो. यावर दोन उपाय आहेत. दुसऱ्या स्क्रीनवरचा मजकूर १२५ किंवा १५० टक्के मोठा करायचा, आणि पाठवायच्या चित्राचं माप लॅपटॉपच्या स्क्रीनच्या मूळ मापाइतकं ठेवायचं. बऱ्याच जुन्या लॅपटॉपची स्क्रीन १३६६ गुणिले ७६८ ठिपक्यांची असते. त्याच मापाचं चित्र पाठवलं तर अक्षरं ठसठशीत दिसतात आणि ओझंही फुल एचडीच्या जवळपास निम्मं होतं.

चाळीतलं वायफाय

दाट वस्तीत एक अडचण जास्तीची असते. वायफाय हा रेडिओ आहे, आणि एका वाहिनीवर एका वेळी एकालाच बोलता येतं. जुन्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच धरल्या जातात: १, ६ आणि ११. एका मजल्यावर वीस बिऱ्हाडं आणि प्रत्येकाचा राउटर असेल, तर या तीन वाहिन्यांवर सार्वजनिक नळासारखी रांग लागते. संध्याकाळी सगळे घरी आले की रांग वाढते आणि दुपारी सुरळीत चाललेली दुसरी स्क्रीन तेव्हाच अडखळते.

५ गिगाहर्ट्झचा पट्टा इथे उपयोगी पडतो, आणि त्याचं कारण मजेशीर आहे. या लहरी भिंती ओलांडताना लवकर क्षीण होतात. मोठ्या घरात हा दोष ठरतो. छोट्या खोलीत तोच गुण, कारण शेजाऱ्याच्या राउटरचा गोंधळ जाड भिंतीपलीकडेच बराचसा थांबतो. एक गोष्ट आणखी: डेस्कटॉप आणि लॅपटॉप दोघंही वायफायने एकाच राउटरला जोडलेले असतील, तर चित्र हवेतून दोनदा प्रवास करतं, आधी राउटरपर्यंत आणि मग तिथून लॅपटॉपपर्यंत. डेस्कटॉप लॅन केबलने राउटरला जोडला की हवेतली एक फेरी वाचते. दोन्ही यंत्रं लॅन केबलने जोडली तर रांगेचा प्रश्नच संपतो.

शिधा की शिजवलेलं जेवण?

आता उपायांकडे येऊ. प्रत्येक उपायात एकच प्रश्न विचारायचा: एका यंत्राकडून दुसऱ्याकडे नेमकं काय पाठवायचं आहे? जितकं कमी पाठवाल, तितकं काम सुरळीत चालेल.

सगळ्यांत आधी उलटा विचार करून पाहावा. तुमचं काम लॅपटॉपवरही होऊ शकत असेल, तर डेस्कटॉपचा मॉनिटरच लॅपटॉपला जोडा. नळ लॅपटॉपचा आणि पिंप मॉनिटरचं, म्हणजे दिशा बरोबर. घडी नाही, उशीर नाही, धूसरपणा नाही. लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या ऑफिसांतून घरी लॅपटॉप आणणाऱ्यांना तर हा उपाय फारच सोयीचा, कारण अशा लॅपटॉपवर बाहेरचं सॉफ्टवेअर घालायची परवानगी बहुधा नसते आणि इथे ते लागतच नाही. बऱ्याच मॉनिटरना दोन पोर्ट असतात. एकात डेस्कटॉप आणि दुसऱ्यात लॅपटॉप कायमचा जोडून ठेवता येतो.

दुसरा उपाय चित्र न पाठवण्याचा. लॅपटॉपला स्वतःची चूल आहे, मग त्याला शिजवलेलं जेवण कशाला पाठवायचं? शिधा द्या, तो स्वतः शिजवेल. मूळ प्रतीची पीडीएफ लॅपटॉपवरच उघडा आणि फक्त माउस व कीबोर्ड दोन्ही संगणकांत सामाईक करा. मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या संचात ‘माउस विदाउट बॉर्डर्स’ नावाची सोय आहे. माउस डेस्कटॉपच्या स्क्रीनची कड ओलांडतो आणि लॅपटॉपवर अवतरतो. नेटवर्कवरून जाते ती फक्त बोटांची हालचाल, म्हणजे अगदी नगण्य माहिती. अक्षरं लॅपटॉपने स्वतः रेखलेली असल्याने अनुस्वारही काटेकोर दिसतो. प्रूफ तपासणं, भाषांतर, हिशेब जुळवणं यांसाठी हा उपाय सर्वांत निर्दोष आहे.

तिसरा उपाय चित्र पाठवण्याचा. डेस्कटॉपवरच्याच एखाद्या सॉफ्टवेअरची खिडकी लॅपटॉपवर ओढून न्यायची असेल, तेव्हा याला पर्याय नाही. वायफाय अलायन्सने २०१२ मध्ये आणलेलं मिराकास्ट हे तंत्र यासाठी वापरता येतं. विंडोज १० मध्ये २०१६ पासून संगणकाला असं चित्र स्वीकारता येऊ लागलं. लॅपटॉपच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’खाली ‘वायरलेस डिस्प्ले’ घालायचं, मग ‘प्रोजेक्टिंग टू धिस पीसी’मध्ये परवानगी द्यायची. डेस्कटॉपवर विंडोजची कळ आणि ‘के’ दाबून लॅपटॉप निवडायचा, नंतर विंडोजची कळ आणि ‘पी’ दाबून ‘एक्स्टेंड’ म्हणायचं. ‘डुप्लिकेट’ निवडलं तर तेच चित्र दोन्हीकडे दिसतं आणि सगळा खटाटोप वाया जातो. यातली मेख अशी की जुळणी करून घेतलेल्या अनेक डेस्कटॉपमध्ये वायफायच नसतं. तसं असेल तर स्पेसडेस्कसारखं सॉफ्टवेअर लॅन केबलवरही चालतं: चित्र पाठवणारा भाग डेस्कटॉपवर, पाहणारा लॅपटॉपवर.

दोन आक्षेप

‘एवढ्या उठाठेवीपेक्षा वापरलेला मॉनिटर का घेऊ नये?’ हा आक्षेप वजनदार आहे. रोज आठ-आठ तास डिझाइन किंवा व्हिडिओचं काम करणाऱ्याने मॉनिटरच घ्यावा. घडी घातलेल्या चित्रावर रंगांचा भरवसा ठेवता येत नाही. पण १६० चौरस फुटांत जागेचा हिशेबही करावा लागतो. ज्या टेबलावर दुपारी काम चालतं, तिथेच संध्याकाळी मुलांचा अभ्यास आणि रात्री जेवण असतं. मॉनिटर मिटत नाही. लॅपटॉप मिटतो आणि कपाटावर जातो. दुसरी स्क्रीन दिवसाला तास-दोन तासच लागत असेल, तर मिटणारी स्क्रीन ही छोट्या घराची खरी सोय आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा आणि विजेचा. चित्र नेटवर्कवरून जातं, म्हणून जोडणीला पिन ठेवावा, आपलं वायफाय शेजाऱ्यांत वाटलेलं असेल तर जास्तच जपावं, आणि काम झालं की जोडणी बंद करावी. स्क्रीनचं काम करताना लॅपटॉपचा पूर्ण संगणक चालू असतो, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या मॉनिटरपेक्षा वीज थोडी जास्त लागते, हेही खरं. कायम चार्जिंगला लावलेल्या जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगलेली दिसली, तर तो लगेच बंद करून दुरुस्तीला न्यावा. तिथे हयगय नको.

लॅपटॉप बिघडला, पण स्क्रीन धड असेल तर

लॅपटॉपचा मदरबोर्ड कायमचा गेला असेल, तर मात्र सगळं उलटतं. स्वयंपाकघर मोडलं, ताट शाबूत आहे. आता ते ओट्यापासून सोडवता येतं. स्क्रीनचा पॅनेल काढून त्याला कंट्रोलर बोर्ड जोडला, की तो एचडीएमआय घेणारा साधा मॉनिटर होतो. मघाशी जो सांधा नव्हता, तोच हा बोर्ड पुरवतो. ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे डॉ. भडकमकर मार्ग, हा अशा सुट्या भागांचा मुंबईतला मोठा बाजार आहे. मात्र पॅनेलच्या मागे छापलेला मॉडेल क्रमांक सोबत न्यावा. त्या पॅनेलला जुळणाराच बोर्ड लागतो. अंदाजाने घेतलेला बोर्ड चालत नाही.

थोडक्यात (चौकट)

- लॅपटॉपचा एचडीएमआय किंवा टाइप-सी पोर्ट चित्र फक्त बाहेर पाठवतो. साध्या केबलने लॅपटॉप मॉनिटर होत नाही.
- काम लॅपटॉपवर होत असेल, तर डेस्कटॉपचा मॉनिटर लॅपटॉपला जोडा.
- फक्त वाचायचं किंवा ताडून पाहायचं असेल, तर फाइल लॅपटॉपवर उघडा आणि माउस-कीबोर्ड सामाईक करा.
- डेस्कटॉपचीच खिडकी लॅपटॉपवर हवी असेल, तर मिराकास्ट किंवा स्पेसडेस्क वापरा. जमेल तिथे लॅन केबल, नाहीतर ५ गिगाहर्ट्झचं वायफाय.
- चित्राचं माप लॅपटॉपच्या मूळ मापाइतकं ठेवा आणि देवनागरी मजकूर मोठा करा.
- रंगांचं, व्हिडिओचं आणि गेमचं काम या मार्गाने करू नका.

निकाल

एका ओळीत सांगायचं तर लॅपटॉपकडून स्क्रीन उसनी मागण्यापेक्षा त्याला कामात भागीदार करून घेणं बरं. दुसरी स्क्रीन बहुतेकांना लागते ती मूळ प्रत डोळ्यांपुढे राहावी म्हणून, आणि ती प्रत लॅपटॉप स्वतःच उघडू शकतो. चित्र पाठवायचा मार्ग उपयोगी आहे, पण तो शेवटचा. आणि जुना लॅपटॉप टाकून द्यायचा विचार असेल, तर एवढं लक्षात घ्या: १ एप्रिल २०२३ पासून देशात ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. जुनी यंत्रं रद्दीवाल्याला न देता नोंदणीकृत केंद्राकडे द्यावीत, अशीच त्यांमागची अपेक्षा आहे. पण त्याआधीची पायरी आपल्या हातात आहे. कपाटावर मिटून ठेवलेला लॅपटॉप टाकून देण्याआधी एकदा डेस्कटॉपशेजारी उघडा आणि एक दिवस दोन स्क्रीनवर काम करून पाहा.